लोकांना प्रायव्हसीची पर्वाच नसते?

‘तोंडाने काळजी, बोटाने पोस्ट’ हा सोशल मीडियावरच्या माणसांबद्दलचा जुना टोमणा. २००६ मध्ये संशोधक सुझन बार्न्स यांनी अमेरिकी किशोरांबद्दल लिहिताना याला ‘प्रायव्हसी पॅराडॉक्स’ (बोलणं आणि वागणं यांतला विरोधाभास) म्हटलं आणि समज पक्का झाला. पण २०१७ मध्ये ३४ देशांतले १६६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वेगळंच दिसलं: ज्यांना काळजी जास्त, ते ऑनलाइन माहिती कमी देतात, खबरदारीही जास्त घेतात. समज अगदीच हवेतला नाही म्हणा. सोशल मीडिया वापरायचा की नाही, हे काळजीवरून ठरताना दिसलं नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या फेसबुक वापरकर्त्यांचा २००५ ते २०११ असा माग काढला, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं अनोळखी लोकांना दिसणारी माहिती घटत गेली होती. मित्रांपुरती मात्र वाढली. आणि मित्रांपुरती म्हणजे अर्थातच फेसबुकलाही!