सुचेता कृपलानी : पक्षीय कारकीर्द

सुचेता कृपलानी (२५ जून १९०८ – १ डिसेंबर १९७४) या भारतातील पहिल्या महिला मुख्यमंत्री. माहेर बंगाली, मजुमदारांचे, जन्म अंबाल्याचा. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवीत असतानाच त्या स्वातंत्र्यलढ्याकडे ओढल्या गेल्या. १९३६ मध्ये आचार्य जे. बी. कृपलानी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४० मध्ये त्यांनी काँग्रेसचा महिला विभाग उभारला, ‘छोडो भारत’ आंदोलनात भूमिगत राहून काम केले आणि पुढे त्या संविधान सभेच्या सदस्य झाल्या.

‘आचार्यांच्या पत्नी’ एवढ्याच ओळखीवर त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. १९५१ मध्ये आचार्यांनी काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला, तेव्हा सुचेताबाई त्यांच्यासोबत गेल्या. १९५२ मध्ये याच पक्षातर्फे त्यांनी नवी दिल्ली मतदारसंघात काँग्रेसच्या मनमोहिनी सहगल यांना हरवले. सहगल नेहरूंच्या नात्यातल्या आणि स्वतः तुरुंगवास भोगलेल्या, त्यामुळे लढत सोपी नव्हती. पुढे मात्र सुचेताबाई काँग्रेसमध्ये परतल्या, १९५७ मध्ये त्याच मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आल्या आणि पक्षाच्या सरचिटणीसही झाल्या. आचार्य विरोधातच राहिले. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव त्यांनीच मांडला. २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुचेताबाईंनी लखनौत उत्तर प्रदेशच्या काँग्रेसच्या मुख्यमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली. एका घरातल्या दोन स्वतंत्र राजकीय निष्ठांचे इतके ठळक उदाहरण त्या काळात क्वचितच सापडते.

उत्तर प्रदेश काँग्रेस तेव्हा चंद्रभानू गुप्त आणि कमलापती त्रिपाठी यांच्या गटांत विभागलेली होती. ज्येष्ठ काँग्रेस नेत्यांनी सत्तापदे सोडून पक्षकार्याला लागावे, अशा कामराज योजनेत मुख्यमंत्री गुप्तांना पद सोडावे लागले आणि त्यांच्या गटाने आपल्याच मंत्रिमंडळातील सुचेताबाईंना पुढे केले. यावरून त्यांचे मुख्यमंत्रिपद उसने ठरवले जाते, ते पटण्यासारखे नाही. गटाच्या पाठबळाशिवाय त्या राज्यात कोणालाच सत्ता मिळत नव्हती. आणि राज्य कर्मचाऱ्यांचा ६२ दिवसांचा संप त्यांनी स्वतःच्या करारीपणावर हाताळला, कर्मचारी नेते तडजोडीला येईपर्यंत त्या नमल्या नाहीत. मार्च १९६७ पर्यंत त्या पदावर होत्या. यानंतर देशात महिला मुख्यमंत्री झाल्या त्या ओडिशात नंदिनी सत्पथी (१९७२) आणि गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या शशिकला काकोडकर (१९७३).

१९६७ मध्ये सुचेताबाई गोंड्यातून लोकसभेवर गेल्या. १९६९ च्या काँग्रेसमधील फुटीत त्यांनी इंदिरा गांधींची साथ न धरता त्यांच्या विरोधकांची संघटना काँग्रेस पत्करली आणि १९७१ मध्ये राजकारणातून निवृत्ती घेतली.