थॉमस जेफरसन यांचा नैतिक वारसा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे (१७७६) प्रमुख लेखक आणि तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन (१७४३–१८२६) यांचे मोठेपण आणि त्यांनी गुलाम बाळगणे यांचा मेळ कसा घालायचा, हा अमेरिकी इतिहासलेखनातला जुना वाद. ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असे लिहिणाऱ्या या गृहस्थांनी हयातीत सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. व्हर्जिनियातील माँटिसेलो या त्यांच्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना होता. तिथे दहा ते सोळा वर्षांची मुले घणावर राबत. कोणाच्या हातून किती लोखंड वाया गेले, याचा हिशेब जेफरसन स्वतः ठेवत.

‘तो काळच तसा होता’ हा त्यांच्या बाजूने केला जाणारा नेहमीचा युक्तिवाद. तो टिकत नाही, कारण त्याच काळातली माणसे त्यांना जाब विचारत होती. १७९१ मध्ये बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने पत्र लिहून जाहीरनाम्यातलेच शब्द त्यांच्यापुढे ठेवले. उत्तर सौजन्याचे आले, मळा होता तसाच चालला. १८१४ मध्ये एडवर्ड कोल्स या तरुण व्हर्जिनियन जमीनदाराने गुलाममुक्तीचे नेतृत्व करण्याची गळ घातली. जेफरसन यांनी वयाचे कारण दिले आणि हे काम तरुणांचे म्हटले. कोल्सने पुढे १८१९ मध्ये आपले गुलाम इलिनॉयला नेऊन मुक्त केले. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली होती. जेफरसन यांनी मृत्युपत्राने मुक्त केले ते पाच जण. डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते, त्यामुळे जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोवर सुमारे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला.

दुसरी बाजूही कागदावर आहे. गुलामांच्या आयातीवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर १८०७ मध्ये सही त्यांचीच. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको, हा त्यांचा १७८४ चा प्रस्ताव एका मताने पडला. गुलामगिरी वाईट आहे हे त्यांना पुरते कळत होते. दोष अधिक जड होतो तो यामुळेच. जाहीरनाम्याचे वाक्य मात्र लेखकाच्या हाती राहिले नाही. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये त्याच मजकुराच्या आधारे देशाला धारेवर धरले.

सॅली हेमिंग्ज या त्यांच्या गुलाम स्त्रीच्या मुलांचे वडील जेफरसनच, हे तिच्या मुलाने १८७३ मध्येच सांगितले होते. ते बहुतेक इतिहासकारांनी मान्य केले १९९८ च्या डीएनए तपासणीनंतर. सॅली त्यांच्या पत्नीची सावत्र बहीण होती, हा तपशील पाठ्यपुस्तकांत फारसा सापडत नाही. माँटिसेलोतील तिची मानली जाणारी खोली १९४१ मध्ये पर्यटकांसाठी स्वच्छतागृह करण्यात आली होती. ती २०१८ मध्ये तिच्या नावाने प्रेक्षकांना खुली झाली.