खाण आणि खंदक

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. ती खणतात तशी खोदतातही; पण लेणं कोणी खणत नाही, ते खोदतातच. हा भेद आपल्याला कुणी शिकवलेला नसतो.

‘खणणे’चं मूळ संस्कृत ‘खन्’ धातूत आहे. पाणिनीय धातुपाठ त्याचा अर्थ ‘अवदारणे’ असा देतो, म्हणजे फोडणे, विदारणे. शब्द मात्र त्याहून पुष्कळ जुना. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात पाण्याचे प्रकार सांगताना ‘खनित्रिमा’, म्हणजे खणून वाहतं केलेलं, आणि ‘स्वयंजा’, म्हणजे आपसूक उगवलेलं, असं वेगवेगळं सांगितलंय. आपण पाट आणि झरा म्हणू. पहिल्या मंडलातला अगस्त्य तर ‘खनित्रां’नी खणतो, खनित्र म्हणजे खणायचं अवजार.

प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला. पानीयचं पाणी झालं, तसं खनतिचं ‘खणइ’, पुढे खणणे. हिंदीत हा ‘ण’ पुन्हा ‘न’ झाला, मराठीत टिकला; म्हणून हिंदीत खान, आपल्याकडे खाण. ‘खनिज’ आणि ‘उत्खनन’ हे मात्र थेट संस्कृतातून उचललेले, त्यामुळे त्यांचा ‘न’ शाबूत राहिला.

खरी गंमत खंदकाची. शब्द फारसी-अरबी म्हणून आपण त्याला परका समजतो. इ.स. 627 मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खणलेल्या चराची लढाई ‘खंदक’ याच नावाने ओळखली जाते. पण अरबीत तो इराणी भाषेतून गेला: पहलवी, म्हणजे मध्ययुगीन फारसीतला ‘कंदग’, अर्थ खणलेलं. त्याच्याही मागे जुन्या फारसीतला ‘कन्’ धातू. इराणचा सम्राट दारियस याने नाईलपासून तांबड्या समुद्राकडे कालवा काढला, तेव्हाच्या शिलालेखात हा कालवा खणण्याचा हुकूम आपण दिला असं तो सांगतो, आणि तिथे खणण्यासाठी शब्द आहे ‘कन्तनइय्’. हा ‘कन्’ आपल्या ‘खन्’चा सख्खा भाऊ. म्हणजे देवगिरीचा कातळात उतरलेला खंदक आणि दगडाची खाण एकाच घरातली. एक घरीच राहिली, दुसरा इराण-अरबस्तान फिरून आला.

‘उत्खनना’चं नशीब वेगळंच. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 पासून ताम्रपाषाणयुगीन वस्ती हलक्या हाताने, थर मोजत उघडी केली, ते उत्खनन. आणि तलाठी रात्री मुरमाचा ट्रॅक्टर अडवतो, त्या पंचनाम्यातही उत्खननच! शेतात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे विचारतात, “जेसीबी लावू का पोकलेन?”