ट्रकच्या डिझेल इंजिनातील ऑइलगळती : निदान व दुरुस्ती

इंजिनातले वंगण तेल पॅकिंग (दोन भागांच्या जोडातली पट्टी), सील (फिरत्या दांड्याभोवतीचे कडे), पाइपचा जोड किंवा ओतीव भागातली चीर यांतून बाहेर पडणे म्हणजे ऑइलगळती. तेल नेमके कुठून आणि कशामुळे येते हे ठरवणे म्हणजे निदान; दुरुस्तीचा नंबर त्यानंतरचा. गॅरेजमध्ये मात्र हा क्रम सर्रास उलटा होतो. चेंबरखाली (ऑइल साठवणाऱ्या तळपात्राखाली) थेंब दिसला की चेंबर उतरतो, नवे पॅकिंग पडते आणि आठवड्याभरात थेंब पुन्हा हजर.

पुण्याचा डिझेल इंजिनांशी संबंध जुना आहे. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स या कंपन्या इथे उभ्या राहिल्या; पिंपरीत टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) ट्रक बनू लागले. त्यामुळे ही इंजिने हाताखालून गेलेले फिटर आणि क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घासून देणारे लेथवाले शहरात आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मुबलक सापडतात. निगडीची ट्रान्सपोर्टनगरी तर ट्रकदुरुस्तीसाठी ओळखीची. गळतीच्या दृष्टीने पुण्याची आणखी एक गोष्ट महत्त्वाची : मुंबईकडे बोरघाट, साताऱ्याकडे खंबाटकी, सासवडकडे दिवेघाट. त्याचा संबंध पुढे येईल.

उगम शोधणे

तेल दोनच वाटा धरते : खाली, आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर मागे. म्हणून सगळ्यात ओला भाग हा उगम नसतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका हा उगम असतो. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग सुटले की तेल ब्लॉकवरून उतरत चेंबरच्या कडेला जमते आणि बदनामी चेंबरची होते. वर्षानुवर्षांचा काळा थर अंगावर वागवणाऱ्या इंजिनावर निदान करायला जाणे व्यर्थ. आधी ते डिझेलने घासून धुवावे, हवा मारून कोरडे करावे, संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि मग इंजिन गरम होईपर्यंत चालवावे. पांढऱ्या पावडरीत तेलाची पहिली रेघ लगेच उठून दिसते. तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहण्याचीही पद्धत आहे. गळती बारीक असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

क्लच हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या क्लचच्या कवचाच्या) खालच्या भोकातून थेंब पडत असेल तर क्रँकचे मागचे सील गेले असे धरून गिअरबॉक्स उतरवला जातो. हे काम दिवसभराचे, म्हणून आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तेलाचा वास : गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो आणि ते सहसा काळेकुट्ट नसते, डिझेल इंजिनाचे वापरलेले ऑइल काजळीने काळे झालेले असते. दर्प आला तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. दुसरी, हाउसिंगच्या वरच्या कडेवरून बोट फिरवावे. बोट ओले निघाले तर तेल वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा एखाद्या प्लगमधून येते आहे. सीलला हात लावायचे कारण नाही. तिसरी, क्लच सरकतो का. मागचे सील खरेच फुटले असेल तर तेल क्लचप्लेटपर्यंत पोचते आणि चढावर इंजिन ओरडते, गाडी मात्र वेग घेत नाही.

प्रेशर : खरे कारण

एकाच वेळी तीन-चार ठिकाणी तेल पाझरत असेल तर पॅकिंगांना दोष देऊ नये. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) झिजले की ज्वलनाचे वायू पिस्टनच्या बाजूने क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पोकळीत) उतरतात. ते बाहेर पडण्याची वाट म्हणजे ब्रीदर. वायू फार झाले किंवा ब्रीदर तुंबला की आतला दाब वाढतो आणि जिथे सील सर्वांत अशक्त असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. फिटर याला ‘इंजिन बॅक मारतंय’ म्हणतात. अशा इंजिनाला नवे सील घालणे म्हणजे खर्च करून पुढचे सील अशक्त ठरवणे. ब्रीदर साफ करणे हे पहिले आणि जवळजवळ फुकटचे काम; त्यानंतर दाबमापकाने क्रँककेसचा दाब मोजून तो कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडावा. ऑइल भरायच्या तोंडावर टोपी उलटी ठेवून ती उडते का पाहण्याची चाल सगळीकडे आहे, पण काही इंजिनांत टॅपेटच्या हालचालीनेही टोपी थरथरते. तेवढ्यावर इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या काही इंजिनांत ब्रीदरला गाळणी असते. ती चोंदली तरी लक्षणे हीच.

घाटाचा मुद्दा इथला. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये बोरघाट चढते तेव्हा इंजिनावर पूर्ण भार असतो, वायूंची गळती वाढते. शिवाय नाक वर झाल्याने चेंबरमधले तेल मागे सरकून मागच्या सीलपाशी जमते. तीच गाडी रिकामी करून सपाट फरशीवर अर्धा तास चालवली तर एक थेंब पडत नाही, आणि ड्रायव्हरलाच खोटे पाडले जाते. चाचणी भारावरच घ्यावी.

टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) बाबतीतही असेच फसायला होते. एअर फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी खेच निर्माण होऊन ऑइल हवेच्या बाजूला ओढले जाते. टर्बोतून चेंबरकडे परतणारा पाइप दबला किंवा कार्बनने भरला तरी तेच. दोन्ही न पाहता टर्बो बदलला तर नवाही गळतो. तेल फार प्रमाणात आत गेले तर इंजिन त्याच तेलावर चालत राहते, डिझेल बंद केले तरी थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट बंद करणे एवढाच उपाय उरतो, पण त्यासाठी हात वापरू नये.

रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला तर ऑइल कूलर किंवा हेड पॅकिंग तपासावे. डिपस्टिकवर (तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर) तेल कमी होण्याऐवजी वाढत असेल तर त्यात डिझेल किंवा रेडिएटरचे पाणी मिसळत आहे.

दुरुस्ती

पॅकिंग बदलताना निम्मे काम पृष्ठभागाचे असते. पत्र्याच्या चेंबरला बोल्ट जास्त आवळल्याने प्रत्येक भोकाभोवती उंचवटा येतो; तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट करावा, कड सरळ पट्टीने तपासावी, मग पॅकिंग ठेवावे. बोल्ट मधून कडांकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत. कॉर्कचे पॅकिंग जास्त आवळले की फुगून बाहेर येते आणि फाटते. सिलिकॉनचा जाड थर ही आणखी एक वाईट खोड : आत सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग जाते.

सील बदलताना आधी क्रँकवर नख फिरवावे. जुन्या सीलच्या ओठाने (क्रँकला टेकणाऱ्या कडेने) पाडलेल्या खाचेत नख अडकले तर नुसते नवे सील टिकणार नाही. खाचेवर पातळ स्टीलची बाही चढवावी लागते, किंवा सील थोडे पुढे-मागे बसवून ओठ ताज्या जागेवर आणावा लागतो. रबरी ओठाला बसवण्यापूर्वी तेल लावतात. टेफ्लॉनच्या सीलला, उदाहरणार्थ कमिन्सच्या बी मालिकेतल्या इंजिनांत, ते अजिबात लावायचे नाही; क्रँक आणि सील दोन्ही पूर्ण कोरडे हवेत. जुन्या सवयीने बोटभर ऑइल फिरवले की नवे सील पहिल्या दिवसापासून गळते.

उतरवलेले जुने ऑइल २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत येते. ते गटारात न सोडता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायचे असते.

प्रत्येक गळती तातडीची नसते. टॅपेट कव्हरच्या कडेला दमट डाग दिसतो पण थेंब तयार होत नाही, डिपस्टिकवरची पातळी टिकून आहे, तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबायला हरकत नाही. टर्बोला दाबाने तेल पुरवणारा पाइप, ऑइल फिल्टरचा जोड किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर पडणारे तेल यांना मात्र मुदत नाही : दाबाखालचा जोड सुटला तर चेंबर थोड्याच वेळात रिकामा होतो, आणि एक्झॉस्टवरच्या तेलाने आग लागू शकते. अशी गाडी घाटात घालू नये.