चैत्रातली पेरणी आणि हरळीचा घोळ : बेळगावकडच्या लॉनची पार्श्वभूमी

गुढीपाडवा होऊन ऊन तापू लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बंगल्यांत दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. लॉनला मध्येमध्ये टक्कल पडलेलं असतं, कडेनं लव्हाळा वर आलेला असतो. बी टाकायचं का? तण आधी काढायचं की नंतर? ऑनलाइन मागवलेल्या बियांच्या पाकिटावर ‘वसंतात पेरा’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारचे शेतकरी काका ‘मिरगाशिवाय काही टाकू नका’ म्हणतात. हा पेच कुठून आला ते समजायचं तर गवताकडे पाहण्याची आपली नजर कशी बदलत गेली ते पाहावं लागतं.

आपल्या जुन्या घरांत अंगणात गवत असणं हे वैभवाचं लक्षण नव्हतं. चोपलेली जमीन, त्यावर शेणसडा, मध्ये तुळस, हे नांदतं घर. ‘दारात गवत उगवलंय’ म्हटलं की ते घर ओस पडलं असंच समजायचं. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला, तेव्हा बंगल्यापुढे राखलेलं गवत इथे पहिल्यांदा दिसू लागलं. त्या हिरवळी परदेशी बियांवर उभ्या नव्हत्या. दख्खनच्या छावण्यांत घोड्यांना जे गवत घासकापे खणून आणून घालत, तीच हरळी मैदानांवर आणि बंगल्यांपुढे रुजली. लावण्याची रीतही इथलीच होती. हरळीची पेरं थोड्या थोड्या अंतरानं टोचायची, नाहीतर कापलेलं गवत, माती आणि शेण पाण्यात कालवून तो काला जमिनीवर पसरायचा. बी पेरून लॉन करणं या भागाच्या सवयीत फारसं नव्हतंच, ही गोष्ट पुढच्या सगळ्या गोंधळात महत्त्वाची आहे.

कॅम्पाबाहेरच्या घरांत लॉन आलं ते फार उशिरा. टिळकवाडी, हिंदवाडीच्या जुन्या घरांत परसात केळ, कढीपत्ता, अबोली असायची आणि उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तर आधी हंडे भरले जायचे. नवीन वसाहतींत प्लॉट पडले, बोअर मारले गेले, २००८ च्या सुमारास शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा गवताला पाणी घालणं मध्यमवर्गीय घराला परवडू लागलं. नर्सरीवाल्यांनी ‘सिलेक्शन वन’, ‘मेक्सिकन’, ‘कार्पेट’ अशी लॉनच्या गवतांची नावं आणली. ट्रकमधून तांबडी माती आली, कच्चं शेणखत आलं, आणि त्या दोहोंबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि एकदांडीचं बी फुकटात आलं.

खरा घोळ मात्र ‘हरळी’ या एका शब्दात आहे, आणि त्यावर थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गणपतीपुढे एकवीस जुड्या वाहतो तेव्हा ती दूर्वा. कन्नड शेजारी तिलाच गरिके म्हणतात आणि तीही गणपतीलाच वाहतात. उसाच्या किंवा भाताच्या रानात तीच हरळी, आणि तिथे तिच्याइतकं चिवट तण नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालचे कोंब, उन्हात वाळवायच्या, वेचून बांधावर टाकायच्या, तरी एखादं पेर मातीत राहिलं की पहिल्या पावसात पुन्हा जाळं विणतं. पाकिटावर ‘बर्म्युडा’ असं परदेशी नाव घेऊन येते तीही हीच. तीन-चार नावं आहेत, वनस्पती एकच आहे.

म्हणून होतं असं, की शहापूर-वडगावच्या शिवारात आयुष्यभर भांगलण केलेली बाई लॉनमध्ये खुरपं घेऊन बसते आणि सगळ्यात आधी हरळी उपटते. तिचं काहीच चुकत नाही, तिच्या भाषेत ते तणच आहे. मालक चिडतो, मग बर्म्युडाचं बी मागवतो, आणि जे उपटून फेकलं तेच पैसे देऊन पुन्हा पेरतो. उलटही घडतं. ‘सिलेक्शन वन’सारखं बारीक पानाचं लॉन लावलेल्या घरात बांधावरची जाड पानाची हरळी शिरली की पट्टे दिसतात. मग तिथे ती तण की लॉन? नर्सरीवाला तण म्हणतो, कारण त्याला एकसारखी चटई विकायची असते. माझ्या मते, ज्या घरात मुलं खेळणार आहेत आणि मे महिन्यात पाणी कमी पडणार आहे, तिथे ती बाहेरून आलेली हरळीच लॉन वाचवते. शोभेच्या छोट्या वाफ्याची गोष्ट वेगळी.

यात आणखी एक तांत्रिक अडचण आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. बारीक पानाच्या कित्येक सुधारित, संकरित जातींना रुजणारं बीच धरत नाही, त्या ठोंबांनीच वाढवतात. त्यांच्या टकलावर साधं बर्म्युडाचं बी टाकलं तर वेगळ्या पोताचे ठिगळ उठतात. अशा लॉनला वरून बी टाकण्याऐवजी त्याच लॉनच्या कडेचे धावते कोंब कापून टोचणं हाच उपाय आहे.

आता ‘वसंतात पेरा’ या सल्ल्याकडे येऊ. तो थंड देशांतला आहे. तिथे हिवाळ्यात गवत मार खातं, बर्फ वितळल्यावर मोकळ्या जागी बी टाकतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडे दुसरी रीत आहे. थंडीनं बर्म्युडा पिवळी पडते, म्हणून तिच्यावर हिवाळ्यापुरतं रायग्रास हे थंडीत वाढणारं गवत पेरतात. बेळगावात ही दोन्ही कारणं लागू होत नाहीत. इथली हरळी थंडीनं झोपत नाही, ती पाण्यावाचून सुकते. चैत्रात जमीन उबदार असते हे खरं, पण हरळीचं बी अगदी बारीक, ते वरच्या थरातच राहावं लागतं आणि तो थर दोन आठवडे ओला ठेवावा लागतो. एप्रिलच्या उन्हात तो दुपारपर्यंत कोरडा पडतो. पाणी देत राहिलात तरी एक वळीव धो धो कोसळला की उतारावरचं बी गटारात. म्हणून शेजारचे काका मिरग म्हणतात त्यात तथ्य आहे. ७-८ जूननंतर ढगाळ, दमट हवेत पेरं चटकन धरतात. अडचण एवढीच, की त्याच पावसात टाकळा, केना, लाजाळू, गाजर गवत हेही उठतं.

तणाच्या औषधाची वाट या भागात उसातून आली. रुंद पानाच्या तणाला २,४-डी, लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन, हे आधी रानात वापरलं गेलं आणि मग कृषी सेवा केंद्राच्या फळीवरून बंगल्यात पोचलं. बाटलीवर कन्नडमध्ये ‘कळेनाशक’, म्हणजे तणनाशक, आपल्याकडे नुसतं ‘औषध’. ‘औषध’ म्हटल्यामुळे ते लॉनला बरं करतं असा समज होतो आणि तो महागात पडतो. पेंडिमेथालिन हे तणनाशक मातीवर मारलं की ते उगवणारं बी रोखतं, पण बी तणाचं की तुम्ही पेरलेलं हे त्याला कळत नाही. चैत्रात ते मारून लगेच वर बी टाकणं म्हणजे दोन्ही खर्च वाया. लव्हाळ्याचं तर त्यानं काहीच बिघडत नाही, कारण तो गाठीतून येतो. कुदळीनं खणलं तर गाठींची साखळी तुटून त्याचे दहा होतात.

सर्वांत अलीकडचा वाद ग्लायफोसेट या तणनाशकाचा. नवीन लॉन घालण्याआधी जुनी हरळी मुळासकट मारायला ते सर्रास वापरलं जायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फत करण्याची अट घातली. आरोग्याची काळजी हे कारण दिलं गेलं, तर उद्योगाच्या बाजूनं पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं गेलं. त्या वादाचा निकाल काहीही लागो, घरच्या लॉनपुरतं पाहिलं तर ही अट योग्यच होती. हातात मोजे नाहीत, पंप घरातलाच, बाजूला तुळस आणि विहीर, अशी फवारणी मी पाहिली आहे.

त्यानंतर काही घरांत जुनी रीत परत दिसू लागली आहे. चैत्रात लव्हाळा दर आठवड्याला, पान वर येईल तसा हातानं काढत राहायचा, म्हणजे गाठीतला साठा हळूहळू संपतो. टकलावर कुजलेल्या खताचा बोटभर थर द्यायचा. दुसरा वळीव पडून गेला की धावते कोंब दोन-तीन पेरांचे तुकडे करून टोचायचे. भिंतीच्या सावलीत मात्र हरळी काही केल्या टिकत नाही, तिला दिवसाचं निदान सहा तास ऊन लागतं. दोन्ही बाजूंना तीन मजले चढलेल्या प्लॉटवर लोक आता ती पट्टी कार्पेट गवताला देतात किंवा तिथे सरळ फरशी घालतात.