पिस्तुलाची साइट जुळवताना: दशांश मिलिमीटरचा हिशेब

दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत पिस्तुलावर दुर्बीण किंवा भिंग बसवण्याची परवानगी नसते. नळीच्या टोकाजवळची फ्रंट साइट, म्हणजे एक उभी चौकोनी पट्टी, आणि मागची रिअर साइट, म्हणजे चौकोनी खाच असलेली पाती, एवढ्या दोनच भागांच्या आधारे नेमबाजाला ४.५ मिलिमीटरचा छर्रा ११.५ मिलिमीटर व्यासाच्या दहा गुणांच्या वर्तुळात बसवायचा असतो.

दोन्ही साइटमधील अंतर ३२० मिलिमीटर धरले, तर लक्ष्य त्याच्या सुमारे ३१ पट दूर असते. म्हणून खाचेच्या मध्यापासून फ्रंट साइट एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा ३१ मिलिमीटर बाजूला जातो आणि दहाऐवजी सात गुण मिळतात. याउलट साइट अचूक जुळलेल्या ठेवून अख्खे पिस्तूलच ५ मिलिमीटर बाजूला सरकले, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि दहाचे वर्तुळ सुटत नाही. नवोदित नेमबाज हाताच्या थरथरीने अस्वस्थ होतात, पण माझ्या मते त्यांनी अधिक धास्ती घ्यावी ती मनगटाच्या बारीकशा वळण्याची, कारण त्यानेच दोन साइटमधील मेळ बिघडतो.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट केंद्रित होतो, त्यामुळे नजर फ्रंट साइटवर ठेवून लक्ष्य धूसर दिसू द्यावे लागते. धूसर काळ्या गोलाचा नेमका मध्य शोधणे कठीण असल्याने बहुतेक जण गोलाच्या खाली, पांढऱ्या भागात नेम धरतात. काळ्या गोलाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो. त्याच्या खालच्या कडेपासून १५ मिलिमीटर पांढरी जागा सोडली, तर नेमाचा बिंदू मध्यापासून सुमारे ४५ मिलिमीटर खाली येतो. छर्रा तरीही मध्यावर बसावा, यासाठी मध्यावरच नेम धरताना जी रिअर साइट ठेवली असती, तिच्यापेक्षा ती जवळपास १.४ मिलिमीटर उंच ठेवावी लागते.

रिअर साइट ज्या दिशेला सरकवावी, त्याच दिशेला छर्रे सरकतात. ती वर उचलली की फ्रंट साइट पुन्हा तिच्या पातळीत आणण्यासाठी नळीचे तोंड आपोआप वर करावे लागते. फ्रंट साइट हलवल्यास परिणाम उलटा होतो. रिअर साइट सरकवणाऱ्या स्क्रूवरील बाण नेमकी कोणती दिशा दाखवतो, हे मात्र सर्व बनावटींत सारखे नसते, त्यामुळे माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. समजा, एका क्लिकने, म्हणजे स्क्रूच्या एका टप्प्याने, पाती ०.०५ मिलिमीटर सरकते. मग छर्रे लक्ष्यावर दीड मिलिमीटरच्या आसपास सरकतील, आणि ग्रुपचा, म्हणजे लक्ष्यावर बसलेल्या छर्ऱ्यांच्या पुंजक्याचा, मध्य ६ मिलिमीटर डावीकडे असल्यास रिअर साइट उजवीकडे चार क्लिक न्यावी लागेल. स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असू शकते, म्हणून उलट फिरवताना दोन क्लिक पुढे जाऊन शेवटचे क्लिक नेहमी एकाच दिशेने द्यावेत.

येथे ग्रुपचा मध्य हा शब्द महत्त्वाचा आहे. एक छर्रा पाहून स्क्रू फिरवणे म्हणजे हाताची चूक साइटच्या माथी मारणे होय. छर्ऱ्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे मध्याभोवती ते किती विखुरतात याचे माप, १२ मिलिमीटर असेल, तर पाच छर्ऱ्यांच्या मध्यातली अनिश्चितता सुमारे ५.४ मिलिमीटर असते आणि दहांच्या मध्यातली ३.८ मिलिमीटर. म्हणजे पाच छर्रे पाहून एका क्लिकचा बदल करण्यात अर्थ नाही. आधी दहा तरी झाडावेत, चाप दाबताना जे स्पष्ट चुकले ते वगळावेत आणि उरलेल्यांचा मध्य काढावा. प्रकाश बदलला की काळ्या पट्टीच्या कडा वेगळ्या भासतात आणि ग्रुप वर-खाली होतो, म्हणून स्पर्धेपूर्वीची १५ मिनिटे, ज्यांत तयारी आणि सरावाचे छर्रे दोन्ही येतात, त्या रेंजच्या प्रकाशात साइट पुन्हा तपासण्यासाठी वापरावीत.