प्रशिक्षण थांबवून शिकवायला जाणारे डॉक्टर : ब्रिटनमधल्या एका वाटेची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आज ‘क्लिनिकल टीचिंग फेलो’ नावाचे डॉक्टर भेटतात. पदवी मिळून काही वर्षं झालेली असतात. आठवड्यातले काही दिवस ते विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात फिरतात, पुतळ्यांवर आणीबाणीचे प्रसंग उभे करून सराव करून घेतात, ओस्की या प्रात्यक्षिक परीक्षेचा सराव करून घेतात. उरलेले दिवस स्वतः रुग्ण तपासतात. बाहेरून सगळे सारखे दिसले तरी त्यांत दोन जाती आहेत. काहींना अजून विशेषज्ञ प्रशिक्षणाची जागा मिळालेली नाही किंवा त्यांनी ती मागितलेलीच नाही. काहींकडे मात्र प्रशिक्षणाचा राष्ट्रीय क्रमांक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘नंबर’, हातात आहे आणि तो राखून ते वर्षभर बाहेर पडले आहेत. काम एकच, पण हिशेब वेगळा. वाद आहे तो मुख्यतः दुसऱ्या गटाबद्दल, म्हणजे नंबर राखून शिकवायला कुठल्या नियमाने जायचं आणि ते वर्ष प्रशिक्षणात धरायचं की नाही याबद्दल, आणि हे टिपणही त्यांच्याकडेच जास्त झुकलेलं आहे.

जुना इतिहास थोडक्यात. सर्जन होऊ पाहणारा तरुण डॉक्टर काही महिने किंवा वर्षभर शरीररचनाशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून राही. विच्छेदनाच्या टेबलाशी मुलांना शिकवता शिकवता त्याची ‘प्रायमरी’ची, म्हणजे एफआरसीएस या सर्जनांच्या ब्रिटिश पात्रतेच्या पहिल्या परीक्षेची, तयारी होई. एफआरसीएससाठी भारतातून तिकडे गेलेल्या जुन्या पिढीतल्या अनेकांना ही पद्धत माहीत होती. पण त्याला ‘प्रशिक्षणातून बाहेर पडणं’ कुणी म्हणत नसे, कारण बाहेर पडायला आधी कुंपण लागतं आणि तेच नव्हतं. रजिस्ट्रार (विशेषज्ञ होण्याच्या वाटेवरचा डॉक्टर), मग सीनियर रजिस्ट्रार, मग कधीतरी कन्सल्टंट, म्हणजे स्वतंत्र जबाबदारीचा विशेषज्ञ. किती वर्षांत, ते कुणी लिहून दिलेलं नसे. १९९५-९६ च्या सुमारास रजिस्ट्रार आणि सीनियर रजिस्ट्रार या दोन पायऱ्या एकत्र झाल्या, प्रत्येक प्रशिक्षणार्थीला नंबर मिळाला, दरवर्षी आढावा सुरू झाला आणि प्रशिक्षण संपण्याची तारीख कागदावर आली. कुंपण तेव्हा पडलं.

त्याच दशकात शिकवण्याची गरजही वाढत गेली. १९९३ मध्ये वैद्यकीय नियामकाने पदवी अभ्यासक्रमातलं पाठांतराचं ओझं कमी करायला सांगितलं. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी मोठ्या वर्गातली व्याख्यानं घटवून लहान गटांचं, प्रश्नांवर आधारलेलं शिक्षण वाढवलं. दोनशे मुलांना एक प्राध्यापक पुरतो. आठ-आठच्या गटांना माणसं लागतात. १९९९ मध्ये त्याच नियामकाने ‘डॉक्टर म्हणजे शिक्षकही’ या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शन काढलं आणि शिकवणाऱ्याने शिकवण्याचं कौशल्य कमवावं, अशी अपेक्षा लेखी केली. त्याआधी डॉक्टरला शिकवता येतंच, असं गृहीत होतं. डंडी आणि कार्डिफ इथले वैद्यकीय शिक्षणाचे पदविका आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम तोवर रुजले होते. ओस्की ही परीक्षापद्धत मूळची डंडीचीच, १९७५ ची.

२००० नंतर डॉक्टरांचा तुटवडा भरून काढण्यासाठी नवी वैद्यकीय महाविद्यालयं उघडली : ईस्ट अँग्लिया, ब्रायटन, हल-यॉर्क, नैर्ऋत्येकडचं पेनिन्सुला. विद्यार्थी आता शहरातल्या जुन्या टीचिंग हॉस्पिटलांत मावेनात, म्हणून जिल्ह्यांच्या रुग्णालयांत जाऊ लागले. तिथल्या कन्सल्टंटना शिकवायची हौस होती, वेळ नव्हता. युरोपीय कामाच्या तासांचा नियम ऑगस्ट २००४ पासून ज्युनियर डॉक्टरांना लागू झाला आणि २००९ मध्ये मर्यादा आठवड्याला ४८ तासांवर आली. पाळ्या तुकड्यातुकड्यांत वाटल्या गेल्या. राउंडनंतर उभ्याउभ्या जे शिकवणं होत असे, त्याला ज्युनियर डॉक्टर जागेवर राहिला नाही. विद्यार्थ्यांमागे रुग्णालयांना सरकारकडून शिक्षणाचा निधी मात्र मिळत होता. त्यातून पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकवणारा तरुण डॉक्टर नेमणं हा सोपा उपाय ठरला. टीचिंग फेलोच्या जागा वाढल्या त्या या व्यावहारिक अडचणीतून. शिक्षणाचं धोरण म्हणून कुणी त्यांची आखणी केली नव्हती आणि पुढचा बराच गोंधळ इथूनच निघतो.

मग आली २००५ ते २००७ ही तीन वर्षं. पदवीनंतरची दोन वर्षं ‘फाउंडेशन’ म्हणून ऑगस्ट २००५ पासून बांधली गेली. २००७ मध्ये विशेषज्ञ प्रशिक्षणाची भरती देशभर एकाच ऑनलाइन पद्धतीने करायचा प्रयत्न झाला आणि तो कोसळला. लायक उमेदवारांना मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, मार्चमध्ये हजारो डॉक्टर लंडनच्या रस्त्यावर उतरले, पाठोपाठ चौकशी बसली. त्याच्या आदल्या वर्षी, २००६ च्या एप्रिलमध्ये, परदेशी डॉक्टरांना वर्क परमिटशिवाय प्रशिक्षण घेण्याची सवलत अचानक काढून घेतली होती. प्लॅब ही परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा पास होऊन तिथे पोचलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये एका मुद्द्यावर सर्वोच्च पातळीवरचा निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. या काळात ज्यांना प्रशिक्षणाची जागा मिळाली नाही, त्यांतल्या काहींनी टीचिंग फेलोची नोकरी धरली. ‘जागा नाही मिळाली म्हणून शिकवतो’ हा शिक्का या नोकरीवर त्या वर्षांत बसला, तो अजून पूर्ण पुसलेला नाही.

आता मुख्य गाठ. २००७ मध्येच पदव्युत्तर प्रशिक्षणाची देशव्यापी नियमपुस्तिका आली. मुखपृष्ठाच्या रंगावरून सगळे तिला ‘गोल्ड गाइड’ म्हणतात. नंबर न गमावता प्रशिक्षणातून तात्पुरतं बाहेर पडायचं, तर तिने चार दारं ठेवली : मान्यताप्राप्त प्रशिक्षणासाठी, क्लिनिकल अनुभवासाठी, संशोधनासाठी आणि वैयक्तिक कारणासाठी. डॉक्टरांच्या तोंडी ती याच क्रमाने ओओपीटी, ओओपीई, ओओपीआर, ओओपीसी अशी आहेत (ओओपी म्हणजे ‘आउट ऑफ प्रोग्रॅम’). शिकवण्यासाठी पाचवं दार ठेवलेलं नाही.

वर्षभर शिकवायला जाणाऱ्याने मग कुठल्या दारातून जायचं? बहुतेकांना ओओपीई सुचवलं जातं. पण त्या दारामागची कल्पना वेगळ्या आरोग्यव्यवस्थेत, बहुधा गरीब देशात, काम करून येण्याची होती. शिवाय त्यातला काळ प्रशिक्षणात धरत नाहीत. कन्सल्टंट होण्याची तारीख तितकी पुढे जाते. काहीजण वैद्यकीय शिक्षणात मास्टर्स किंवा एमडी (तिकडे ही संशोधनाची पदवी) नोंदवतात आणि ओओपीआर मागतात. तिथे साधारण तीन वर्षांपर्यंत मुभा असते, पण मग शिकवण्यापेक्षा प्रबंध मोठा होतो. काळ प्रशिक्षणात धरायचाच असेल तर ओओपीटी, आणि त्यासाठी नियामकाची आगाऊ मान्यता हवी. शिकवण्याच्या वर्षातून विशेषज्ञ अभ्यासक्रमाचे कोणते भाग पुरे होतात, हे तिथे दाखवावं लागतं आणि ते फार थोड्यांना जमतं. सारख्याच अर्जाला देशाच्या एका विभागात एक दार दाखवतात, शेजारच्या विभागात दुसरं. प्रशिक्षण-संचालक अनुकूल असेल तर गोष्ट सोपी. नसेल तर ‘रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) भरलेला नाही’ एवढं कारण अर्ज परत यायला पुरतं.

रोटाचं कारण खोटं नसतं, हे मान्य करायला हवं. एक रजिस्ट्रार वर्षभर गेला की रात्रपाळ्या उरलेल्यांवर पडतात. हातकामाच्या शाखांत, म्हणजे शस्त्रक्रिया, भूल, एंडोस्कोपी यांत, वर्षभराच्या खंडाने हात मागे पडतो, ही काळजीही खरी. पण संशोधनासाठी तीन वर्षं जाणाऱ्या रजिस्ट्रारचा हातही तितकाच मागे पडतो आणि रोटात त्याचीही जागा रिकामीच राहते. तरी त्याला स्वतंत्र दार आहे, त्याची वाट ठरलेली आहे, आणि परत आल्यावर त्याला कुणी ‘जागा मिळाली नव्हती का?’ असं विचारत नाही. दोन खंडांना दोन मापं लावली गेली आहेत, आणि त्याचं वैद्यकीय कारण मला कुठे सापडत नाही.

कारण बहुधा त्याआधीच्या एका निर्णयात आहे. २००५ मध्ये विद्यापीठांतल्या डॉक्टरांच्या घसरत्या संख्येवर एक अहवाल आला. त्याच्या शीर्षकातच भविष्यातले संशोधक ‘आणि शिक्षक’ घडवण्याची गोष्ट होती. पुढच्या वर्षीपासून त्यावरून इंग्लंडमध्ये दोन नव्या पायऱ्या आल्या : अकॅडमिक क्लिनिकल फेलो, ज्याचा पाव वेळ विद्यापीठीय कामासाठी राखीव, आणि क्लिनिकल लेक्चरर, ज्याचा अर्धा. पण त्या जागांना पैसा देणारी यंत्रणा संशोधनाची होती. साहजिकच बहुतेक जागा संशोधनाला गेल्या. वैद्यकीय शिक्षणाच्या वाट्याला मोजक्याच आल्या, आणि तिथेही ‘शिक्षणावरचं संशोधन’ अपेक्षित होतं. प्रत्यक्ष शिकवणारा अहवालाच्या शीर्षकात राहिला, अंदाजपत्रकात पोचला नाही. दोन वर्षांनी नियमपुस्तिका आली तेव्हा संशोधनासाठी दार ठेवायची गरज उघड होती, कारण त्यामागे पैसा आणि पदं उभी होती. शिकवण्याच्या बाजूने तसं वजन नव्हतं.

पैशाची दुसरी बाजू रोजच्या संसारातली. २०१६ पर्यंतच्या करारात ज्युनियर डॉक्टरांना रात्रपाळ्या आणि शनिवार-रविवारसाठी ‘बँडिंग’ नावाचा जादा भत्ता मिळे. अनेक जागांवर तो मूळ पगाराच्या ४० किंवा ५० टक्के असे. टीचिंग फेलोच्या ज्या जागांना रात्रपाळी नव्हती, तिथे ही रक्कम सरळ जाई. म्हणजे आवडीने शिकवायला जाणारा रजिस्ट्रार पगारातही कमी घेई आणि कन्सल्टंटही वर्षभर उशिरा होई. तरी लोक जात होते.

नियमांना यातली विसंगती दिसलीच नाही, असं नाही. २०१३ मध्ये प्रशिक्षणाच्या एकूण रचनेचा मोठा आढावा झाला. प्रशिक्षणादरम्यान कधीही एक वर्षापर्यंत संबंधित शाखेत, किंवा नेतृत्व, शिक्षण, व्यवस्थापन यांत काम करण्याची संधी असावी, असं त्यात सुचवलं होतं. ही शिफारस अमलात आली असती तर वरची सगळी गाठ सुटली असती. पण त्या अहवालातली इतर कलमं, विशेषतः प्रशिक्षणाचा कालावधी आणि सर्वसाधारण वैद्यकावरचा भर, इतकी वादग्रस्त ठरली की हे एक वर्ष मागे पडलं. २०१७ मध्ये नियामकाने सगळ्या शाखांना समान असलेल्या व्यावसायिक क्षमतांचा आराखडा काढला. त्याच्या नऊ विभागांत शिक्षण-प्रशिक्षणाचा एक स्वतंत्र विभाग आहे. तेव्हापासून प्रत्येक विशेषज्ञाला शिकवता येणं ही अट झाली. वर्षभर पूर्णवेळ शिकवणं मात्र अजून ‘बाहेर’च. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी पाहिल्या नाहीत, याचं वाईट वाटतं.

बदल आला तो वेगळ्या दिशेने. २०१६ च्या ज्युनियर डॉक्टरांच्या संपानंतर प्रशिक्षणातली लवचिकता हा विषय ऐरणीवर आला आणि २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये ‘पॉज’ नावाचं आणखी एक दार प्रायोगिक तत्त्वावर उघडलं. बाहेर पडायचं, वर्षभर दुसरं काम करायचं, आणि परतल्यावर त्या काळात कमावलेल्या क्षमता दाखवून काही भाग धरून मागायचा. आगाऊ मान्यतेऐवजी मागाहून हिशेब. पण २०२० च्या मार्चमध्ये कोव्हिड आला आणि बाहेर असलेल्या अनेकांना वॉर्डात परत बोलावलं गेलं. विद्यार्थ्यांचे वर्ग तेव्हा पडद्यावर गेले होते आणि ते चालवण्यातही टीचिंग फेलोंचा हात होता.

दरम्यान पहिला गट, नंबर नसलेल्यांचा, कितीतरी फुगला. फाउंडेशनची दोन वर्षं संपवून थेट विशेषज्ञ प्रशिक्षणात जाणारे २०११ मध्ये ७१.३ टक्के होते, २०१९ मध्ये ३४.९ टक्के. मधल्या वर्षाला ‘एफथ्री’, म्हणजे जणू फाउंडेशनचं तिसरं वर्ष, हे नाव पडलं, आणि टीचिंग फेलो ही त्या वर्षातली एक ठरलेली नोकरी झाली. सुरुवातीला लोक दमले म्हणून थांबत. नंतर जागांची चुरस इतकी वाढली की पुढच्या अर्जात गुण मिळावेत म्हणूनही शिकवू लागले. काही शाखांच्या भरतीत शिकवण्याच्या अनुभवाला गुण असतात. यात शिकवण्याचं नुकसानही झालं. ऑगस्टमध्ये आलेला फेलो हिवाळ्यात अर्ज आणि मुलाखतींत असतो आणि पुढच्या ऑगस्टला निघून जातो. विद्यार्थ्यांना दरवर्षी नवा चेहरा.

महाराष्ट्रातून तिकडे जाऊ पाहणाऱ्यांचा इथे एक गैरसमज होतो, म्हणून जाता जाता. आपल्याकडे एमडी-एमएस झालं, सीनियर रेसिडेन्सी झाली, की सहायक प्राध्यापक. शिकवणं हे विभागातल्या पदाबरोबर येतं. तिकडचा टीचिंग फेलो त्या अर्थाने प्राध्यापकांच्या शिडीवर नसतो. ती बहुधा एका वर्षाची, रुग्णालयाने दिलेली नोकरी असते, प्रशिक्षणात न धरली जाणारी. व्हिसाची हमी मिळते की नाही, आठवड्यातले किती दिवस शिकवण्यासाठी राखीव आहेत, वैद्यकीय शिक्षणाच्या पदविकेचं शुल्क कोण भरतं, हे प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं.

विद्यार्थीसंख्या मात्र वाढतच आहे. २०१८ पासून इंग्लंडमध्ये दरवर्षीच्या सुमारे ६,००० जागांवर १,५०० ची भर पडायला सुरुवात झाली. संडरलँड, लिंकन, चेम्सफर्डसारख्या ठिकाणी नवी महाविद्यालयं आली. जून २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्याने २०३१-३२ पर्यंत हा आकडा १५,००० वर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. २०२५ मध्ये पदव्युत्तर प्रशिक्षणाचा नवा आढावा सुरू झाला, आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या अहवालात लवचिकता आणि नंबर नसलेल्या डॉक्टरांची स्थिती हे दोन्ही मुद्दे वर आहेत. आढाव्याचा पुढचा टप्पा तेव्हा व्हायचा होता. शिकवण्याच्या वर्षाला स्वतःचं दार द्यायचं, तर ते त्याच टप्प्यात मागावं लागेल.